मैदानावरील 'पानिपत'

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वी चहाच्या टपरीवर वृत्तपत्र हातोहात फिरते, आणि पुष्कळ जण प्रथम उघडतात ते क्रीडेचे पान. तेथे कोणी कोणाचा धुव्वा उडविलेला असतो, कोणी कोणाची कत्तल केलेली असते, आणि पराभव जरा मोठा असला की 'पानिपत' झालेले असते.

श्रोत्यांनी या शब्दाकडे क्षणभर पाहावे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासराव व सदाशिवरावभाऊ पडले, आणि महाराष्ट्रातील घराघरांत सुतक आले. फुटबॉलमध्ये हरलेले अकरा गडी मात्र रात्री घरी जेवावयास येतात!

सर्वच जोरकस शब्द त्याज्य आहेत असे नव्हे. शाहू महाराजांनी कोल्हापुरास 1912 साली खासबाग मैदान बांधविले. तेथील तांबड्या मातीत मल्लाची पाठ टेकली की त्याला वर आकाशच दिसते. म्हणून 'अस्मान दाखविले' हे सरळ वर्णन आहे, अतिशयोक्ती नव्हे. हुतूतूत तर गडी 'मरतो', आणि सोबत्याने प्रतिपक्षाचा गडी टिपला की पुन्हा 'जिवंत' होतो. इतके स्वस्त मरण खेळातच शोभते. हे शब्द खेळाच्या पोटी जन्मले. 'सूड' आणि 'कत्तल' बाहेरून आणले गेले.

मॉस्कोच्या डायनॅमो संघाने 1945 साली ब्रिटनचा दौरा केला, तेव्हा जॉर्ज ऑरवेल यांनी ईर्ष्येच्या खेळास गोळीबाराविना चाललेले युद्धच ठरविले. हा निवाडा फार कठोर आहे. पण कोल्हापुरात तो अगदीच हसण्यावारी नेता येत नाही. येथे फुटबॉलचे संघ तालमींचे व पेठांचे. शाहू स्टेडियममध्ये सामना संपतो, परंतु पेठेचा अभिमान संपत नाही, आणि समर्थकांत हाणामारी झाल्याचे प्रसंग शहराने पाहिले आहेत. मथळ्याने दंगा होतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु दगड उचलणाऱ्या पोराला 'सूड' हा शब्द आयता मिळालेला असतो, हेही खरे.

कोणी, किती गोलांनी, कोणत्या मिनिटास जिंकले, एवढे सांगणारा मथळा रुक्ष वाटतो खरा. पण त्याच सकाळी जिंकलेल्या पेठेतला आणि हरलेल्या पेठेतला, असे दोन कामगार वसाहतीत एकाच यंत्रापाशी उभे असतात, आणि पाळी संपेपर्यंत दोघांना एकमेकांच्या हातावर विसंबून काम करावयाचे असते.