गोड्या पाण्यातला उपरा राजा

लडिंग्टनच्या बंदरातून बोटी पहाटे पाचच्या सुमाराला निघतात. ऑगस्टात तिथे सूर्य उगवायला साडेसहा उलटून जातात, त्यामुळे निघताना चांगला काळोख असतो. चिनूक सॅमन, ज्याला तिथे जो तो ‘किंग’ म्हणतो, अंधुक उजेडात खाण्यावर तुटून पडतो. ऊन चढलं की तो खोल जातो आणि तोंड उघडायचं मनावरच घेत नाही. म्हणून बोटीचा कॅप्टन आदल्या दिवशी फोनवर बाकी काही सांगो न सांगो, वेळेवर या, हे मात्र बजावून ठेवतो.

हे सगळं अमेरिकेतल्या लेक मिशिगनवर. त्याला तळं म्हणायला जीभ वळत नाही. लांबी सुमारे ४९० किलोमीटर, जास्तीत जास्त खोली २८१ मीटर. लडिंग्टनहून समोरच्या विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याला जायचं तर ‘एसएस बॅजर’ नावाची फेरीबोट चार तास घेते. १९५३ साली सेवेत आलेली ही बोट अजून कोळशावर चालते. लाटा, धुकं, दीपस्तंभ, बोट लागून ओकणारे प्रवासी, सगळं समुद्रासारखं. फक्त मीठ तेवढं नाही. भाच्याकडे ग्रँड रॅपिड्सला गेलो होतो. “मामा, इथवर येऊन मासे गरवायचे नाहीत म्हणजे काय?” असं तो म्हणाला आणि मी बोटीत चढलो.

गरवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गळ टाकून खडकावर बसलेला माणूस येतो. ट्रोलिंगमध्ये बसणं कुठलं? बोट ताशी चारेक किलोमीटरच्या चालीने सतत पुढे सरकत असते आणि मागे वेगवेगळ्या खोलीवर आमिषं ओढली जात असतात. मिशिगनच्या कायद्याने माणशी तीन दोर लावता येतात. चार जण असले की बारा दोर पाण्यात, आणि एकाचाही दुसऱ्यात गुंता होता कामा नये. काही दोर तबकडीसारख्या डायव्हरने बाजूला आणि खाली खेचलेले, काहींच्या पोटात शिशाची तार, आणि सगळ्यांत नेमके म्हणजे डाउनरिगरचे.

डाउनरिगर म्हणजे बोटीच्या कठड्यावर बसवलेला छोटा रहाट. त्याच्या तारेला साधारण पाच किलोचा गोळा. रॉडचा दोर गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायचा आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. दोर ताणून घेतल्यामुळे रॉड आधीपासूनच कमानीसारखा वाकलेला असतो. माशाने आमिष ओढलं की दोर चिमट्यातून सुटतो आणि रॉड क्षणभर ताठ उभा राहतो. नवख्याला वाटतं, काहीतरी तुटलं. आमच्या बोटीवरचा मदतनीस, कॉलेजात शिकणारा पोरगा, तेवढ्यात ओरडून रॉडवर झेपावलेला असतो.

खोली कुठली धरायची, हे ठरवतं तापमान. ऑगस्टात वरचं पाणी वीस-बावीस अंशांपर्यंत जातं, पण साठ-सत्तर फुटांखाली ते एकाएकी थंड होतं. किंगला दहा ते तेरा अंश मानवतात आणि तो त्या सीमेच्या आसपास फिरतो. ही सीमा एका जागी राहिली तर कॅप्टनला काम काय उरलं? वारा किनाऱ्याकडून तळ्याकडे जोराने वाहिला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि खालचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. काल ऐंशी फुटांवर असलेला मासा आज चाळीसवर. शिवाय खोलातला प्रवाह वरच्यापेक्षा वेगळा, म्हणजे बोटीचा वेग एक आणि आमिषाचा दुसराच. म्हणून गोळ्याजवळ एक संवेदक बांधलेला असतो. तिथलं तापमान आणि तिथला वेग तो वर कळवत राहतो. कॅप्टनची नजर पाण्यापेक्षा त्या आकड्यांवरच जास्त. अंधारात वापरायची आमिषं, म्हणजे धातूचे चमचे, रेडियमसारखी चमकतात. मदतनीस ती टॉर्चच्या उजेडात धरून पाण्यात सोडतो.

किंग लागला तो पूर्वेला नुकतं फटफटत असताना. रिळावर किती फूट दोर सुटला हे दाखवणारा काउंटर असतो. तो १२० वरून बघताबघता ३४० वर गेला आणि भाचा नुसताच रॉड धरून उभा. अशा वेळी रीळ फिरवायचं नसतं, माशाला पळू द्यायचं असतं. बोटही थांबवत नाहीत, नाहीतर बाकीचे दोर ढिले पडून एकमेकांत अडकतात. वीसेक मिनिटांनी जाळीत आला तेव्हा चंदेरी पाठीवर काळे ठिपके आणि काळ्या हिरड्या दिसल्या. वजन अठरा पौंड. आम्हाला तो अवाढव्य वाटला, पण याच लडिंग्टनजवळ २०२१ साली ४७.८६ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २२ किलोंचा किंग मिळाला होता आणि तो राज्याचा विक्रम ठरला. मदतनिसाने आधी पाहिला तो पाठीचा शेपटीकडचा छोटा मांसल पर. तो शाबूत होता. सरकारी केंद्रात वाढवलेल्या चिनूकचा हा पर सोडण्यापूर्वी कापतात आणि नाकात खुणेची बारीक तार घालतात. पर शाबूत, म्हणजे हा बहुधा इथल्याच कुठल्या नदीत जन्मलेला. आता या तळ्यातले निम्म्याहून जास्त किंग असेच आहेत.

हे विलक्षण आहे, कारण साठ वर्षांपूर्वी इथे किंग नव्हताच. तो पॅसिफिकचा मासा.

उन्हं वर आल्यावर तळाशी लागलेल्या दुसऱ्या माशाने किंग इथे कसा आला, ही गोष्ट समोर आणली. तो लेक ट्राउट होता, इथला मूळचा रहिवासी. त्याच्या कुशीवर रुपयाएवढा गोल, लालसर व्रण होता. ही सी लॅम्प्रेची खूण. जबडा नसलेला हा सापासारखा जीव दातेरी तोंडाने माशाला चिकटतो आणि रक्त शोषतो. तो अटलांटिकचा. नायगाऱ्याचा धबधबा त्याला वर येऊ देत नव्हता. धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याने वाट करून दिली. १९३६ साली तो लेक मिशिगनमध्ये सापडला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इथला तेव्हाचा लेक ट्राउट संपला. भरमसाट मासेमारीचाही त्यात वाटा होता. अमेरिका आणि कॅनडाने मिळून आयोग नेमला. हजारो रसायनं तपासल्यावर लॅम्प्रेची पिल्लं मारणारं आणि बाकी माशांना फारसं न बाधणारं टीएफएम हाती लागलं. आजही ते नद्यांमध्ये ठरावीक वर्षांनी सोडावं लागतं. कोविडच्या काळात ते काम मंदावलं, तर लॅम्प्रे लगेच वाढले.

खाणारा मोठा मासाच उरला नाही म्हटल्यावर एलवाइफचं फावलं. तारलीच्या गोतावळ्यातला हा छोटा मासा, तोही अटलांटिकचा, १९४९ मध्ये इथे पोचला होता. १९६७ च्या उन्हाळ्यात तो इतका मेला की शिकागोच्या किनाऱ्यावरचे ढीग उपसायला बुलडोझर लावावे लागले. मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी मात्र त्याआधीच या माशात खाद्याचं भरलेलं कोठार पाहिलं होतं. ऑरेगॉनहून कोहो सॅमनची अंडी मागवून त्यांनी १९६६ च्या वसंतात पिल्लं नद्यांत सोडली, पुढच्याच वर्षी चिनूकची. एलवाइफ जाळ्याने उपसून पशुखाद्य करण्यापेक्षा हौशी गरवणाऱ्यांना मोठा मासा द्यावा, हा त्यांचा हिशेब. मला तो जुगारच वाटतो. परका मासा खायला दुसरा परका मासा आणायचा, हे आज कुठला शास्त्रज्ञ सुचवेल? पण डाव लागला, आणि असा लागला की माणसं वेडी झाली. २३ सप्टेंबर १९६७ ला प्लॅट बेच्या परिसरात शेकडो लहान होड्या सॅमनमागे पाण्यात असताना वादळ आलं. सात जण बुडाले.

बंदरात परतल्यावर साफ करायच्या ओट्यावर किंगचं पोट फाडलं. आत चार एलवाइफ, एक तर अगदी ताजा. किंगचं आयुष्य यांच्यावरच उभं आहे, आणि तिथेच गोम आहे. काळ्या समुद्राच्या बाजूचा क्वागा शिंपला जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून आला आणि १९९७ मध्ये लेक मिशिगनमध्ये दिसला. आता तळ त्याने व्यापलाय. पाणी गाळून तो प्लवक खातो, पाणी स्फटिकासारखं होतं आणि एलवाइफ उपाशी राहतो. शेजारच्या लेक ह्युरॉनमध्ये २००४ च्या सुमाराला एलवाइफ कोसळला आणि पाठोपाठ किंगही. ते पाहून लेक मिशिगनमध्ये २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये चिनूकची पिल्लं सोडणं कमी केलं. कमी सोडा, म्हणजे खाद्य पुरेल, हे बोटवाल्यांना पटवणं सोपं नव्हतं. आमचा कॅप्टन अजूनही त्यावर कुरकुरतो. ह्युरॉनचं नाव काढलं की गप्प होतो.

मासा घरी आला आणि माझा खरा हिरमोड झाला. तळ्यात जुनं औद्योगिक प्रदूषण आहे. पीसीबी नावाच्या रसायनांचं उत्पादन अमेरिकेने १९७९ मध्ये बंद केलं, तरी ती गाळात आहेत आणि माशाच्या चरबीत साठतात. राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला असा की कातडी काढा, पोटाची आणि कुशीवरची चरबी कापून टाका आणि उरलेलं जाळीवर भाजा, म्हणजे चरबी गळून जाईल. मालवणी माणसाला पोटाची तुकडी फेकायला सांगणं म्हणजे काय, हे त्या खात्याला कुणी कळवावं? कालवणाचा बेतही रद्द केला, कारण गळलेली चरबी रश्श्यातच राहते. हळद, तिखट, आलं-लसूण आणि लिंबू लावून तुकड्या भाच्याच्या अंगणातल्या ग्रिलवर भाजल्या. उत्तम लागल्या. लेक ट्राउट त्याहून तेलकट, तिथले लोक त्याला ‘ग्रीसर’ म्हणूनच हिणवतात. तो आम्ही ओट्यावरच मदतनिसाला देऊन टाकला होता. त्याची आजी असे मासे धुरावते म्हणे.