तांब्याचे अणू आणि कापडाचे रंग

चेन्नईतील जॉर्ज टाउनची मूळ वस्ती 1639 नंतर सेंट जॉर्ज किल्ल्यालगत कापडाच्या व्यापारावर वाढली. तेव्हा या किनाऱ्यावर कापडाचा लाल रंग ‘सायवेर’ नावाच्या मुळीपासून काढीत. 1856 मध्ये विल्यम पर्किन यांनी जांभळा कृत्रिम रंग बनविला आणि पुढे अशा रंगांनी वनस्पतींची जागा घेतली. ऊन व साबण यांना दाद न देणे हा त्यांचा गुण. सांडपाण्यात मात्र तोच दोष ठरतो.

लाकूड कुजविणारी काही कवके हे रंग फोडू शकतात. त्यांच्यातील लॅकेझ या एंझाइमाच्या (विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या) रेणूत तांब्याचे चार अणू असतात. पहिला अणू रंगाच्या रेणूंपासून एकेक इलेक्ट्रॉन घेऊन उरलेल्या तिघांकडे पोहोचवितो. तेथे चार इलेक्ट्रॉनांच्या योगे ऑक्सिजनचे पाणी होते. इलेक्ट्रॉन गमावलेला रंगाचा रेणू अस्थिर होऊन फुटतो.

तथापि रंग जाणे म्हणजे विष जाणे नव्हे. ॲझो वर्गातील रंग जंतूंनी ऑक्सिजनविरहित अवस्थेत फोडले, तर ॲरोमॅटिक अमाइने उरतात. त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. लॅकेझ काही ॲझो रंगांतील नायट्रोजन वायुरूपाने मोकळा करून हा धोका टाळते. तरीही अवशेषांची परीक्षा केल्यावाचून नितळ पाणी निर्धोक मानता येत नाही.