छोट्या ट्रॅक्टरचें इंजिन बदलतांना

वसईच्या वाड्यांत केळी-पानवेलींच्या ओळींमधून मोठा ट्रॅक्टर शिरत नाहीं. तेथें मागून चालत हांकावयाचा छोटा ट्रॅक्टरच उपयोगी. त्याचें इंजिन थकलें तरी गिअरची पेटी पुष्कळदां धड असते. अशा वेळीं सबंध यंत्र मोडींत न घालतां इंजिनच बदलावें. मात्र नवें इंजिन केवळ अश्वशक्ति पाहून घेऊं नये, असें आम्ही सुचवितों. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांत जुन्या इंजिनाचे फेरे मिनिटास १५०० व त्याची कप्पी ६ इंचांची असून नव्याचे फेरे ३००० असतील, तर त्यास ३ इंचांची कप्पी बसवावी. एरव्हीं पेटी दुप्पट वेगानें फिरून लवकर झिजेल. नव्याचा आंस उलट दिशेनें फिरत असल्यास पुढचा गिअर टाकतांच यंत्र हांकणाऱ्याच्या अंगावर येईल. म्हणून पट्टा चढविण्यापूर्वीं इंजिन एकदां रिकामें फिरवून दिशा पाहावी.