चिलीतले काळे अष्टकोन

मुलांमधला लठ्ठपणा रोखायचे काम एकट्या आईवडिलांवर सोपवून भागत नाही, हे ओळखून चिलीने २०१२ साली कायदा केला आणि जून २०१६ मध्ये तो अमलात आणला. डबाबंद किंवा पाकीटबंद पदार्थात वरून घातलेल्या साखर, मीठ वा स्निग्धांशामुळे मर्यादा ओलांडली गेली, की दर्शनी बाजूस काळा अष्टकोनी शिक्का छापावा लागतो. साखर जास्त, मीठ जास्त, असा प्रत्येकाचा वेगळा. त्यामुळे एकाच बिस्किटाच्या पुड्यावर दोन-तीन शिक्केही दिसतात. वाचायला येऊ लागलेल्या मुलालाही ते कळतात, हेच त्यांचे मोठे बळ. मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक होत गेल्या. २०१९ पासून घन पदार्थात १०० ग्रॅममागे १० ग्रॅमहून अधिक साखर असली, की शिक्का लागतो.

शिक्का लागलेला पदार्थ शाळेत विकता येत नाही, वेष्टनावर कार्टून छापता येत नाही. साखर लावलेल्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचा प्रसिद्ध वाघही त्यामुळे गेला! पहिल्या टप्प्यानंतर शिक्केवाल्या गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली आणि उत्पादकांनी अनेक पदार्थांतली साखर कमी केली. वजनावरचा परिणाम दिसायला मात्र वर्षे लागतात.

आपल्याकडेही महाराष्ट्राने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश काढला. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत अशा पदार्थांच्या विक्रीला मनाई केली. आता गरज आहे ती फाटकाबाहेरच्या नियमित तपासणीची.