मरळ, गळ आणि तळ्याकाठची मंडळी

आपल्या गावाच्याच नावाचे एक फळझाड आहे. भोकराच्या पिकल्या फळातला गर इतका चिकट असतो, की बोटांना लागला तर सहजासहजी सुटत नाही. तळ्याकाठी गळ टाकून बसणाऱ्या माणसाच्या अंगी असाच एक गुण असावा लागतो. त्याला आपण चिकाटी म्हणतो. पाहणाऱ्याला मात्र तो रिकामटेकडा वाटतो. "दिवसभर बसलास, काय मिळालं?" असे विचारणारे घरोघरी असतात. या प्रश्नाला एक उत्तर द्यावे, आणि गळाने मासे धरणे ही नशिबाची गोष्ट नसून अभ्यासाची विद्या आहे हे आपल्या मित्रांना सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

परदेशातला बास, आपली मरळ

अमेरिकेत 'बास' नावाच्या माशाचे मोठे वेड आहे. हा गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा शिकारी मासा. पाणवनस्पतींत दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या बेडकावर, माशावर झडप घालतो. जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी या गृहस्थाने सुमारे दहा किलोचा बास धरला. त्या वजनाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडले, आणि तीही जपानातल्या बिवा सरोवरात झाली. लाखो लोक या एका माशासाठी काठ्या, रिळे आणि नकली आमिषे घेऊन पाण्यावर जातात.

बास हा आपल्या नद्यांचा रहिवासी नाही. पण त्याच्या जागी आपल्याकडे मरळ आहे, आणि ती त्याच्यापेक्षा काकणभर सरसच म्हणावी लागेल. रेणापूरजवळ सुधा नदीवर झालेला तलाव घ्या, नाहीतर खेड्यापाड्यांतली गाळाने भरलेली जुनी तळी घ्या. जिथे पाणकणीस आहे, शेवाळ आहे, कमळाची पाने पसरली आहेत, तिथे मरळीचे घर असण्याचा संभव आहे. सापासारखे चपटे डोके, लांबट गोल अंग आणि दातांनी भरलेला जबडा अशी तिची ठेवण. तिच्या कुळातल्या मोठ्या जातीचा मासा एक मीटरहूनही लांब वाढतो. शेजारच्या तेलंगणाने मरळीला राज्यमाशाचा मान दिला आहे. आपल्या राज्याने २०२३ साली तो मान पापलेटला दिला, ते समुद्राकाठच्या मंडळींना साजेसेच झाले. पण मराठवाड्याला विचारले असते, तर मते मरळीलाच पडली असती!

राजाचा छंद

गळाची ही विद्या साहेबाने आपल्याला शिकवली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. आपला हा प्रदेश एके काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून ते फार दूर नाही. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या प्राध्यापकांना तो जुन्या मराठीच्या खुणांसाठी माहीत असतो. पण त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या सुमारे ३५ जाती, त्या कोठे राहतात, काय खातात, गळ कसा असावा, दोरी आणि काठी कशाची असावी, हे सारे तिथे नोंदवले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जाणकारांचे लक्ष तिकडे गेले. इंग्रजीतले आयझॅक वॉल्टनचे गाजलेले पुस्तक १६५३ चे आहे. आपला राजा त्याच्या पाचशे वर्षे आधीचा. माशाला काय आवडते ते आधी जाणून घ्यावे आणि मग गळ टाकावा, ही राजाची पद्धत आजही तितकीच खरी आहे.

साहित्य

साहित्याला पैसा फार लागत नाही. बांबूची सरळ, टोकाकडे निमुळती होत गेलेली काठी हवी. काठी का लवावी लागते, हे समजून घेतले पाहिजे. मासा हिसका देतो तेव्हा तो हिसका दोरीवर एकदम न येता काठीच्या वाकण्यात जिरतो. ताठ काठीला बांधलेली दोरी तुटते, लवणाऱ्या काठीची टिकते. दोरी म्हणजे हल्ली नायलॉनचा तंगूस. तो पाण्यात जवळजवळ दिसत नाही आणि थोडा ताणलाही जातो.

नायलॉन गुळगुळीत असल्याने साधी गाठ त्यावर सरकते. म्हणून दोरी गळाच्या डोळ्यातून ओवून घ्यावी, मूळ दोरीभोवती तिचे पाच-सहा वेढे द्यावेत, आणि टोक गळाजवळच्या पहिल्या फासातून काढून हळूहळू आवळावे. आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घासते, तापते, आणि तिथेच तंगूस कमजोर होतो. मोठा मासा सुटला की आपण नशिबाला बोल लावतो. पण पुष्कळ वेळा दोष या कोरड्या गाठीचा असतो.

दोरीवर तरंगणारी खूण लागते. ज्वारीच्या धांड्याचा सोललेला तुकडा किंवा मोरपिसाची काडी त्याला पुरते. खाली शिशाची लहान गोळी, आणि तिच्याखाली वीतभर अंतरावर गळ. रोहू, मृगळ यांसाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून गोळी करावी. वांबीसाठी आणि शिंगाड्यासाठी गांडूळ चांगले. शिंगाडा हाताळताना मात्र सांभाळावे. त्याच्या कल्ल्यांमागचे आणि पाठीवरचे काटे ताठ अडकून बसतात, आणि ते टोचले की पुढे बराच वेळ बोट ठणकत राहते.

ही खूण म्हणजे पाण्याखालचे पत्रच असते, ते वाचता आले पाहिजे. ती नुसती थरथरली तर लहान मासे आमिष कुरतडत आहेत, तेव्हा हात हलवू नये. ती तिरकी होऊन संथपणे बुडत निघाली तर मासा आमिष घेऊन चालला आहे. आणि उभी खूण अचानक आडवी झाली तर तळाशी चरणाऱ्या माशाने आमिषाबरोबर शिसेही उचलले आहे. वजन उचलले गेले म्हणून खूण आडवी पडली, हे ज्याच्या लक्षात येते तोच वेळेवर काठी उचलतो.

मरळीची गोष्ट वेगळी

मरळीसाठी खूण आणि शिसे दोन्ही काढून ठेवावी लागतात. ती जिवंत, हलणारे भक्ष्य शोधते. पूर्वी लोक गळाला जिवंत बेडकुळी लावत. आता पोकळ रबरी बेडूक मिळतो. त्याचे दोन गळ पाठीला टेकलेले असतात, म्हणून ते शेवाळात अडकत नाहीत. माशाने जबड्यात दाबला की रबर चेपते आणि गळ उघडे पडतात. बास धरणारे अमेरिकनही हाच रबरी बेडूक वापरतात. आपण तो वापरला तर खरा बेडूक शेतातली कीड खायला मोकळा राहतो, हाही फायदाच.

पण बेडूक टाकायचा कोठे? इथे मरळीचा स्वभाव कामी येतो. तिला कल्ल्यांशिवाय डोक्यात हवा घेण्याचीही सोय असते. म्हणूनच आटत्या तळ्यातल्या चिखलातही ती तग धरते. पण त्याच कारणाने तिला थोड्याथोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. काठावर बसून पाणी पाहावे. शेवाळाच्या फटीत एक मंद वलय उठते, विरते, आणि काही वेळाने जवळपासच पुन्हा उठते. तीच मरळीची जागा. बेडूक तिच्या डोक्यावर न आपटता पलीकडे टाकावा आणि लहान लहान उड्या मारीत आणावा. काठावर धपधप चालू नये. माशाच्या दोन्ही कुशींवरच्या रेषेला पाण्यातला बारीक कंपही कळतो.

मरळ झडप घालते तेव्हा पाणी फुटल्यासारखा आवाज होतो आणि नवशिका घाबरून लगेच ओढतो. बेडूक तोंडातून निसटतो. मनात एक-दोन म्हणावे, दोरी ताणली गेल्याचे हाताला कळू द्यावे आणि मग काठी उचलावी. फार थांबले तर मात्र ती गळ गिळते. ओढ लागली की दोरी सैल सोडू नये, नाहीतर ती शेवाळात शिरून तंगूस गुंडाळून बसते.

तळ्याकाठची मंडळी

तळ्याकाठी एक वेगळेच गाव वसते. तिथे रेल्वेतला कामगार असतो, शाळेतले गुरुजी असतात, सुटीतला विद्यार्थी असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेला भोई समाजातला जाणता माणूस असतो. वर्गात जो शिकवतो तो इथे शिकायला बसतो. इथले नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत, पण सगळे पाळतात. दुसऱ्याच्या दोरीवरून दोरी टाकायची नाही. कोणी मासा ओढत असेल तर आपली दोरी बाहेर काढायची. कोणाची गांडुळे संपली तर न मागता डबा पुढे सरकवायचा. आणि सुटलेल्या माशाची लांबी सांगताना हात कितीही पसरले तरी हसायचे नाही, कारण उद्या आपलीही पाळी असते!

आणखी एक नियम असा, की विचारल्यावाचून बसायचे नाही. बहुतेक तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. बीज त्यांनी सोडलेले असते आणि पोट त्यांचे त्यावर असते. आपला छंद त्यांच्या भाकरीच्या आड येता कामा नये.

या सोबतीत मला जो धडा मिळाला तो येथे सांगितलाच पाहिजे, कारण सारे साहित्य आणि तंत्र त्यापुढे लहान आहे. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. एका गावतळ्यात मला पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर केशरी ठिपक्यांचा झुबका दिसला, जणू तेवढ्याच जागी पाण्याला उकळी आली होती. मी ऐकून होतो, की अशा ठिकाणी मरळ हमखास लागते. बेडूक त्या झुबक्यावरून नेला आणि दुसऱ्याच खेपेला झडप आली. आनंदाने ओरडत मी मासा काठावर घेतला. शेजारी बसलेले, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो ते वृद्ध गृहस्थ उठून आले. त्यांनी मासा पाहिला नाही, पाणी पाहिले. म्हणाले, "लेकरा, पिलं होती की रं तिच्यापाशी. मासा घावला तुला, पर पुढच्या सालचे मासे गेले."

मग त्यांनी समजावून सांगितले. पावसाळ्यात मरळीची जोडी वनस्पती बाजूला सारून थोडे पाणी मोकळे करते. तिथे पिवळसर अंडी तरंगतात. एक-दोन दिवसांत पिले निघतात, आणि पुढे महिनाभर तरी आईबाप त्या झुबक्याखाली पहारा देतात. ती मरळ माझ्या बेडकावर आली ती भुकेने नव्हे, पिलांवर संकट आले म्हणून. आम्ही पाहत होतो तोवरच लहानसहान मासे त्या झुबक्यात शिरले. दुसरा पहारेकरी कोठे दिसला नाही. मी मरळ परत सोडायला धावलो, पण घाईगर्दीत मी जास्तच थांबलो होतो. गळ घशात रुतला होता. ती वाचली नाही. मामा मला रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

बासचा नरही असाच घरट्यावर पहारा देतो. अमेरिकेत बासच्या मोठ्या स्पर्धा सुरू करणारे रे स्कॉट यांनी १९७२ साली धरलेला मासा जिवंत परत सोडण्याची प्रथा त्या स्पर्धांत रुजवायला सुरुवात केली. छंदाने मासे धरणाऱ्यांनीच मासा वाचवायला पुढे यावे, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारण्यास बंदी केली. तरीही असे प्रकार कानावर येतात, आणि आता पाण्यात विजेचा प्रवाह सोडणारेही निघाले आहेत. त्यात मोठ्या माशाबरोबर पिल्लूही मरते, आणि कधीकधी माणूसही. पाण्यावर रोज बसणाऱ्या माणसाला असे प्रकार सर्वांत आधी कळतात. म्हणून तळ्याची पहिली राखण त्यानेच केली पाहिजे.

तेव्हा, जो मित्र गळ घेऊन निघेल त्याने एवढे करावे. श्रावण-भाद्रपदात केशरी झुबका दिसला तर काठी आडवी ठेवून नुसते पाहत बसावे. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे सोडायचा मासा इजा न होता सुटतो. त्याला ओल्या हातानेच धरावे, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे कवच असते. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणावा. तो कुजत नाही आणि बगळ्याच्या पायात अडकतो.

त्या दिवसानंतर मी पावसाळ्यात मरळीवर बेडूक टाकलेला नाही. पण तळ्यावर जातो. गेल्या श्रावणात त्याच पाणकणसाजवळ पुन्हा एक झुबका दिसला. मामांनी बिडी विझवली, मी काठी खाली ठेवली, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघे तो पाहत बसलो. घरी आल्यावर नेहमीचा प्रश्न आला, "काय मिळालं?" मी म्हणालो, "काही नाही." पण ते खरे नव्हते.