दुःख विचारण्याची रीत

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाला जामजवळ चंद्रपूरचा फाटा फुटतो. हा सारा मुलूख कापसाचा. २००६ साली वर्ध्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांकडे देशाचे लक्ष वेधले गेले, तेव्हा बातमीदारांच्या गाड्या या गावोगाव फिरल्या. त्यांनी लिहिले म्हणून हे दुःख दिल्लीस पोचले. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातील वायफडला आले. वृत्तपत्रांचे हे ऋण मान्य करूनच आम्हांला एक प्रश्न पुढे ठेवावयाचा आहे. बातमी ज्या घरातून आली, त्या घरातील बाईचे काय?

नवरा गेला की तिला प्रथम पोलीस विचारतात, मग महसुली अधिकारी विचारतात. शासनाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते. कर्ज होते, ते थकले होते, वसुलीचा तगादा होता, हे दाखवावे लागते. इतके सांगून ती थकते, तोच दारात बातमीदार उभा राहतो : “बाई, त्या दिवशी काय झाले?”

आघाताची आठवण इतर आठवणींसारखी नसते. ती तुकड्यातुकड्यांनी उरते. एखादा आवाज, एखादा वास जसाच्या तसा आठवतो. तारीख व क्रम मात्र हरवतात. सांगू लागताच छाती धडधडते, हात कापतात. घडलेले पुन्हा घडू लागते. म्हणून कालच्या व आजच्या बोलण्यात फरक पडला तर ती खोटे बोलते असे मानू नये. तारखा व आकडे सातबारावरून, बँकेच्या कागदांवरून पडताळावेत.

मग विचारावे कसे? आपण कोण, काय छापणार, हे आधी सांगावे. कोठे बसावे, जवळ कोण असावे, केव्हा थांबावे, हे तिने ठरवावे. मुलांदेखत विचारू नये. “तुम्ही अडवले का नाही?” हा प्रश्न तर कधीच करू नये. नाव व छायाचित्र छापण्यापूर्वी पुन्हा एकदा परवानगी घ्यावी. बंगल्यात जाताना आपण वेळ मागून घेतो. झोपडीला फाटक नसते, एवढ्यावरून तेथे न विचारता शिरण्याचा हक्क मिळत नाही.

मृत्यूची पद्धत वर्णू नये, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ साली सांगितले आहे. त्यास अनुभवाचा आधार आहे. व्हिएन्ना शहरात १९८७ साली वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेवरील आत्महत्यांची भडक वर्णने थांबवली, आणि तेथील तसे मृत्यू झपाट्याने घटले.

आता थोडे आपणा वाचकांविषयी. शेत तिच्या नावावर झाले का, पुढच्या हंगामाला पीककर्ज मिळाले का, ही बातमी वर्षानंतरची असते. तीत रडणारा चेहरा नसतो, म्हणून ती आतल्या पानावर जाते किंवा लिहिलीच जात नाही. आपण जे आवडीने वाचतो तेच पुन्हा छापले जाते. तेव्हा विचारण्याची ही जबाबदारी एकट्या बातमीदाराची नाही, असे आम्हांला वाटते.