ढोलीतला गुत्तीकर

उतारवयात एका कोळ्याची निगा राखण्याचे काम आपल्याकडे येईल, असे कोणी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते. माझे घर सावरगावचे. जाम नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे पांढुर्णा; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रात पळसाचे झाड रोवून होणाऱ्या गोटमारीमुळे ही दोन नावे वाचकांच्या कानांवर असतील. बाकीचे वर्षभर आमचे लक्ष संत्र्याच्या बागांकडे. कोळी म्हणजे दिवाळीच्या आधी झाडणीने काढून टाकावयाची वस्तू, एवढाच आमचा त्याच्याशी परिचय.

गेल्या हिवाळ्यात जर्मनीत लाइपझिग येथे मुलाकडे तीन महिने राहिलो. नोकरीच्या कामासाठी त्याला वरचेवर बाहेरगावी जावे लागे, आणि सूनबाईने त्या पेटीला हात लावणार नाही असे लग्नानंतर लगेच सांगून ठेवलेले. तेव्हा पेटी माझ्याकडे आली. काचेची, रुंदीला वीतभर, उंचीला दीड वीत. तळाशी चार बोटे माती, तीवर वाळलेली पाने, पाण्याची वाटी, आणि बुचाच्या सालीचा एक पोकळ तुकडा उभा टेकविलेला. प्राणी काही दिसेना.

“बाबा, तो सालीच्या आत आहे. रात्री येतो बाहेर. म्हणजे, त्याच्या मनात आले तर.”

हा जर्मन कोळी का, असे मी विचारले. मुलगा हसून म्हणाला, “नाही हो, आपल्याकडचाच. गुत्तीचा.”

गुत्ती म्हटल्याबरोबर मला कोळ्याचा विसर पडला. १७४१ साली आमच्या नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केले आणि ते ठाणे ज्यांच्या हवाली केले, ते मुरारराव घोरपडे गुत्तीकर! त्यांचा तो डोंगरी किल्ला १७७६ मध्ये हैदरअलीच्या वेढ्यात आतले पाणी संपल्यामुळे पडला. आज ती गुत्ती आंध्र प्रदेशात, अनंतपूर जिल्ह्यात आहे. तेथील रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडलेल्या एकाच नमुन्यावरून आर. आय. पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली या कोळ्याची शास्त्रीय नोंद केली व त्याला ‘पीसिलोथेरिया मेटॅलिका’ असे नाव दिले. टॅरँट्युला म्हणून ज्या मोठ्या केसाळ कोळ्यांचे कुळ प्रसिद्ध आहे, त्यातला हा झाडावर राहणारा. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणा अभ्यासकास आढळला नाही. २००१ मध्ये आढळला तो गुत्तीस नव्हेच, तर तेथून सुमारे शंभर किलोमीटरांवर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात. म्हणजे पोकॉकचा नमुना बहुधा ओंडक्यांबरोबर आगगाडीने गुत्तीस उतरलेला प्रवासी असावा. नाव मात्र गुत्तीचेच चिकटले, आणि मुलूख न पाहता आडनावे चिकटण्याची आपल्याला तरी नवलाई वाटू नये.

जंगलात हा कोळी जुन्या झाडांच्या ढोलींत आणि सुटलेल्या सालीखाली राहतो. त्यामुळे त्याला मैदान नको, उभी भिंत आणि काळोखी पोकळी हवी. पेटी उंच असण्याचे आणि ती साल उभी असण्याचे कारण हेच. पोकळी नसेल तर तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो, खात नाही, आणि झाकण उघडताच उधळतो.

पाण्याच्या बाबतीत मला फार शिकावे लागले नाही. संत्र्याच्या बुंध्याशी पाणी साचले की डिंक्या धरतो, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. या प्राण्याचेही तसेच. त्याला दमट माती मानवते, पण कोंदट हवा मानवत नाही; म्हणून पेटीला दोन बाजूंनी जाळी असते. तिकडे हिवाळ्यात खोल्या यंत्राने तापविलेल्या असल्यामुळे हवा अगदी कोरडी. चार-सहा दिवसांनी एका कोपऱ्यातली माती भिजवावयाची, दुसरा कोपरा कोरडा ठेवावयाचा, वाटी भरलेली ठेवावयाची, संपले. माणसाला सोसते ती पंचवीस अंशांच्या आसपासची ऊब त्याला पुरते. खाण्यास आठ-दहा दिवसांनी एखादा रातकिडा. तिकडे रातकिडे दुकानात डबीतून विकत मिळतात. आमच्या ओसरीवर ते फुकट ओरडतात, हे मी दुकानदाराला सांगणार होतो, पण मला जर्मन येत नाही.

हाताळण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या पुष्कळशा टॅरँट्युलांजवळ खाज आणणारे केस असतात, ते याच्यापाशी नाहीत. याची भिस्त वेगावर आणि दंशावर. दंशाने माणूस दगावल्याची नोंद नाही, परंतु वेदना आणि स्नायूंत येणारे गोळे कित्येक दिवस पिच्छा पुरवितात. यास्तव सगळी कामे दिवसा, तो आत असताना, लांब चिमट्याने.

पहिले तीन आठवडे मला पायांची दोन टोके तेवढी दिसली. मग एका रात्री पाणी पिण्यास उठलो असता तो काचेवर पसरलेला होता. माझ्या पंजाएवढा, आणि निळा! शालूचा निळा म्हणावा तर तोही फिका पडेल. पाठीवर पांढुरकी नक्षी, पुढच्या पायांखाली हळदीचे पट्टे. मोरपिसातल्याप्रमाणे हा निळा रंगद्रव्याचा नसून केसांच्या अतिसूक्ष्म घडणीचा असतो, असे मुलाने मागाहून सांगितले. मी उभाच राहिलो. दिवा लावताच स्वारी सालीमागे गडप.

जानेवारीत त्याने खाणे सोडले. मुलगा बाहेरगावी. फोनवर म्हणाला, “रातकिडा लगेच काढून घ्या, बाबा. कात टाकताना कोळी मऊ असतो, तेव्हा रातकिडाच त्याला कुरतडतो.” काढून घेतला आणि बागेला ताण द्यावा तसे त्याला सोडून दिले. पाच आठवडे गेले. एका सकाळी ढोलीच्या तोंडाशी आठही पाय पसरून निळे शव पडलेले! सूनबाई, जी पेटीकडे पाहत नसे, तीच आधी रडकुंडीला आली. चिमट्याने उचलले तो वजनच नाही, कात होती. मालक आत, दात अजून पांढरे, अंग ओलसर. दात काळे होईपर्यंत अन्न द्यावयाचे नसते. दोन आठवडे मी दिले नाही.

मुलाने परतल्यावर ती कात भिंगाखाली धरली. पोटाच्या आतल्या बाजूवरून नर की मादी ते कळते म्हणे. ‘तो’ निघाली ‘ती’! नर तीन-चार वर्षांचा सोबती, मादी बारा वर्षांपर्यंत राहते. मुलगा गप्प झाला, कारण दोन वर्षांत सावरगावी परत येण्याचे त्याचे चालले आहे.

तिला आणणे सोपे नाही. रानातला तिचा ज्ञात मुलूख शंभर चौरस किलोमीटरांहूनही कमी, आणि त्यात सरपणासाठी व लाकडासाठी झाडतोड. ढोलीचे झाड म्हणजे वाया गेलेले झाड, हा आपला सर्वत्रचा हिशेब. आमच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या ढोलीत पिंगळे राहतात म्हणून तो वाचला, इतकेच. २००८ पासून ही जात अतिसंकटग्रस्त गणली जाते. २०१९ च्या जिनीव्हा परिषदेत ‘पीसिलोथेरिया’ या प्रजातीतल्या सर्व जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्याखाली आला, आणि आपल्याकडेही २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात त्या कराराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. युरोपात मात्र पेट्यांतून जन्मलेल्या तिच्या पिढ्या रीतसर विकल्या जातात; आमच्या पेटीतली त्यांतलीच, जन्माच्या कागदासह. जिचे पूर्वज नंद्यालच्या रानातले, ती नागपूरच्या विमानतळावर परदेशी ठरेल!

मुलाच्या एका मित्राने पेटी ठेवून घेण्याची तयारी दाखविली आहे. मुलाने अजून होकार दिलेला नाही. मी दर रविवारी फोन करतो. “आधी तिची विचारपूस, मग आमची,” अशी सूनबाईची तक्रार असते. गेल्या रविवारी कळले ते असे की, तिने पुन्हा खाणे सोडले आहे.